दोन चॅनेलचा यूएसबी ऑडिओ इंटरफेस: वॉरंटी संपल्यानंतरचा रिव्ह्यू

ऑडिओ इंटरफेसचे, म्हणजे माइक-गिटार कम्प्युटरला जोडणाऱ्या डब्याचे, रिव्ह्यू बघा, जवळपास सगळे खोका उघडल्याच्या पहिल्या आठवड्यातले असतात. प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग) किती स्वच्छ, २४ बिट १९२ किलोहर्ट्झ, सोबत कुठलं सॉफ्टवेअर फुकट मिळालं, झालं. पण घरी रोज रेकॉर्डिंग करणाऱ्याला खरे प्रश्न पडतात ते नंतर, म्हणजे चांगल्या चाललेल्या टेकच्या मध्येच खरखर येते किंवा केबलला जरा हात लागला की डिव्हाइसच गायब होतं, तेव्हा. म्हणून हा रिव्ह्यू वॉरंटी संपून बराच काळ लोटल्यावरचा आहे. कंपनीचं आणि मॉडेलचं नाव मुद्दाम देत नाहीये, एक तर एका पीसवरून कुणाला नावं ठेवणं बरोबर नाही, आणि दुसरं म्हणजे या वर्गातल्या डब्यांची आतली रचना इतकी सारखी असते की माझ्याकडे जे बिघडलं तेच तुमच्याकडच्या वेगळ्या रंगाच्या डब्यात बिघडू शकतं.

डबा नेहमीचाच. पुढे दोन कॉम्बो जॅक (माइकचा आणि गिटारचा, दोन्ही प्लग बसतात असे), दोन गेन नॉब (सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारे), दोन्ही चॅनेलना मिळून एकच ४८ व्होल्टचं बटण (फँटम पॉवर, म्हणजे कंडेन्सर माइकला केबलमधूनच दिलेली वीज), गिटारसाठी इन्स्ट्रुमेंट स्विच, मोठा मॉनिटर नॉब, हेडफोन जॅक. मागे स्पीकरचे दोन आउट आणि यूएसबी-सी. वेगळा अडॅप्टर नाही, सगळी वीज यूएसबीतूनच. मी यावर मुख्यतः व्हॉइसओव्हर करते, अधूनमधून घरातली गिटार, आणि डबा वर्षानुवर्षं त्याच टेबलावर आहे, म्हणजे आदळआपट फारशी झालेली नाही हे आधीच सांगते.

आवाजाबद्दल तक्रार नाही, आजही नाही. १५० ओहमच्या सोर्सचा, म्हणजे माइकचा, स्वतःचाच थर्मल नॉइज (उष्णतेमुळे येणारी बारीक सरसर) साधारण -१३१ डीबीयू असतो, त्याच्या खाली कुठलाच प्रीअँप जाऊ शकत नाही, आणि आता साध्या दोन चॅनेलच्या डब्यांचे प्रीअँपसुद्धा -१२८ च्या आसपास पोचलेत. उरलं किती, तीन डीबी. त्यामुळे प्रीअँपच्या आकड्यांवर तासन्‌तास वाद घालून इंटरफेस निवडण्यात आता काही राम नाही असं माझं स्पष्ट मत आहे. जॅक कसे बसवलेत, पॉवर कशी तयार केलीय आणि उघडून दुरुस्त होतो का, या तीन गोष्टी बघा, कारण डबा मरतो तो यांच्यामुळेच.

सगळ्यात आधी गेला चॅनेल एक. कंडेन्सर माइक लावून ४८ व्होल्ट चालू केले की सुरुवातीला ठीक, मग मागे बारीक चुरचुर सुरू व्हायची आणि मध्येच एखादा जोरात फट्ट असा आवाज. अशा वेळी पहिला संशय माइकवर घ्यायचा, कारण दमट हवेत कंडेन्सरच्या कॅप्सूलवर ओल धरली की अगदी अश्शीच चुरचुर येते, आणि लोक तेवढ्यावरून इंटरफेस परत पाठवून मोकळे होतात. तपासायची पद्धत सोपी आहे. तोच माइक, तीच केबल, फक्त चॅनेल बदला. माझ्याकडे चॅनेल दोनवर एकदम शांत. मग चॅनेल एकला डायनॅमिक माइक (ज्याला वीज लागत नाही) लावला, ४८ व्होल्ट बंद ठेवून ऐकलं तर स्वच्छ, ४८ चालू केले की परत चुरचुर. बॅलन्स्ड (सिग्नलच्या दोन तारा आणि ग्राउंड वेगळी असलेल्या) डायनॅमिक माइकला फँटमने काही फरक पडत नाही, त्यामुळे इथे माइक आणि केबल दोघंही सुटले आणि दोष चॅनेल एकच्या फँटमच्या वाटेत आहे हे पक्कं झालं. फँटम बंद केल्यावर लगेच शांत न होता आवाज हळूहळू विरत गेला, तीही एक खूण आहे, कारण आतले कपॅसिटर रिकामे व्हायला वेळ घेतात.

हे नेमकं काय असतं ते जरा नीट सांगते कारण हा दोष खूप जणांना येतो आणि नाव कुणी सांगत नाही. फँटम म्हणजे ४८ व्होल्ट, ६.८ किलोओहमच्या दोन रेझिस्टरमधून एक्सएलआरच्या (माइकच्या तीन पिनांच्या जोडणीच्या) पिन २ आणि पिन ३ वर सारखेच दिलेले, परतीची वाट पिन १ वरून. हे व्होल्ट प्रीअँपच्या चिपमध्ये शिरू नयेत म्हणून मध्ये दोन इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर बसवलेले असतात, ते डीसी अडवतात आणि आवाज तेवढा पुढे सोडतात. यातला एखादा गळायला लागला की थोडा थोडा डीसी झिरपतो, तोही एकसारखा झिरपत नाही, तुटक तुटक येतो, आणि पुढे प्रीअँप त्याच झिरपण्याला ५० डीबी वाढवून तुमच्या हेडफोनमध्ये आणून देतो.

मल्टिमीटर असेल तर माइक काढून, फँटम चालू ठेवून, डीसी व्होल्टवर पिन १ आणि २ मध्ये मोजा, मग १ आणि ३ मध्ये. स्टँडर्डप्रमाणे ४४ ते ५२ मधलं काहीही चालतं पण दोन्ही आकडे जवळजवळ सारखे पाहिजेत. माझ्याकडे पिन ३ वर दीड-दोन व्होल्ट कमी येत होते, म्हणजे त्या बाजूचा कपॅसिटर गळतोय. आणि हो, माइक लावलेला असताना मोजलंत आणि ३४-३५ व्होल्ट दिसले तर घाबरू नका, ४ मिलिअँपिअर ओढणाऱ्या माइकला त्या दोन रेझिस्टरमुळे तेवढेच मिळायला हवेत, ते गणितच तसं आहे. दोन्ही पिनांवर सारखेच पण एकदम कमी, म्हणजे माइक न लावताच तीस-बत्तीस वगैरे येत असतील तर मात्र दोष ४८ व्होल्ट तयार करणाऱ्या भागात आहे. यूएसबीतून येतात पाच व्होल्ट, त्याचे अठ्ठेचाळीस आतल्या स्विचिंग सर्किटने करायचे असतात, आणि यूएसबी २ चा पोर्ट देतो जास्तीत जास्त ५०० मिलिअँपिअर म्हणजे अडीच वॉट, त्यातच चिप, प्रीअँप, हेडफोन सगळं. दोन्ही चॅनेलला १० मिलिअँपिअर ओढणारे माइक लावले तर निव्वळ फँटमलाच एक वॉटच्या जवळपास लागतो, वर रूपांतरात वाया जाणारी वीज वेगळी. म्हणून एक माइक लावला तर ठीक आणि दुसरा लावला की दोन्ही खरखरतात, असं होत असेल तर आधी हब काढून थेट लॅपटॉपला जोडून बघा.

उघडल्यावर दिसलं की कंपनीने त्या जागी ५० व्होल्टचे कपॅसिटर बसवलेत. हे मला अजिबात पटलं नाही. ज्या जागेवर ५२ पर्यंत व्होल्ट येणं स्टँडर्डमध्येच धरलंय तिथे ५० चा कपॅसिटर म्हणजे पहिल्या दिवसापासून काठावर, त्यात तो स्विचिंग सर्किटला चिकटून, म्हणजे कायम गरम. इलेक्ट्रोलिटिकचं आयुष्य दर १० अंशांच्या वाढीला साधारण अर्धं होतं हा अनेक वर्षांचा अनुभवाचा नियम आहे आणि डबा बंद धातूचा, हवा खेळायला जागा नाही. मी ४७ मायक्रोफॅरडचेच पण ६३ व्होल्टचे, १०५ अंशांचे बसवले, दोन्ही चॅनेलचे चारही एकदम, कारण त्याच वयाचे बाकीचे फार काळ टिकणार नव्हते. त्यानंतर तो चॅनेल आजतागायत शांत आहे.

यातूनच एक सवय लावून घ्या, फँटम चालू असताना माइकची केबल काढू-घालू नका. बटण बंद करा, अर्धा मिनिट थांबा, मग केबल. त्या कपॅसिटरमध्ये भरलेला चार्ज एखादी पिन शॉर्ट झाली की क्षणात प्रीअँपच्या इनपुटकडे धावतो. संरक्षणाला डायोड असतात, पण किती भक्कम घातलेत ते कंपनीगणिक वेगळं. सगळ्यात वाईट म्हणजे फँटम टीआरएस पॅचबेमधून (हेडफोनसारख्या प्लगनी जोडण्या बदलायच्या पॅनेलमधून) फिरवणं, कारण टीआरएस प्लग आत सरकताना टिप, रिंग आणि स्लीव्ह एकमेकांना घासत जातात आणि शॉर्ट होतोच होतो. अशाने मेलेला प्रीअँप पूर्ण बंद पडेलच असं नाही, नुसता नॉइज वाढतो आणि माणूस महिनोन्‌महिने केबल बदलत बसतो.

दुसरा दोष यूएसबी पोर्टचा आणि याचं मला जास्त वाईट वाटलं कारण हा टाळता आला असता. आधी केबल हलली की क्वचित डिस्कनेक्ट, मग ठराविक कोनात धरली तरच चालू, शेवटी रेकॉर्डिंग चालू असताना सॉफ्टवेअर डिव्हाइस सापडत नाही म्हणून थांबायला लागलं. केबल बदलून बघितलीच पाहिजे, आणि ती डेटाची आहे ना हेही बघा, कारण फक्त चार्जिंगच्या केबलवर डब्याचे दिवे छान लागतात पण कम्प्युटरला तो दिसतच नाही, आणि लोक बोर्ड गेलं समजतात. माझ्याकडे केबल बदलून काही फरक नाही. आत भिंगाने बघितलं तर पोर्टचे सोल्डरचे सांधे तडकलेले. जुना चौकोनी यूएसबी-बी पोर्ट कागदावर १,५०० वेळा घालण्या-काढण्यासाठी आणि यूएसबी-सी १०,००० वेळा, त्यामुळे सी जास्त टिकाऊ असं सगळे म्हणतात. पण हे आकडे सरळ घालून सरळ काढण्याचे आहेत, बाजूने बसणाऱ्या ओढीचे नाहीत. चौकोनी पोर्टचे जाड पाय बोर्डाच्या आरपार जाऊन पलीकडून सोल्डर होतात. यूएसबी-सी मध्ये काही पोर्टांना असे पाय असतात, काही नुसते वरच्यावर चिकटवलेले, आणि माझ्या डब्यात नेमका दुसरा प्रकार होता. वर पोर्टला चेसीचा काही आधार नाही, सगळा ताण त्या इवल्या सांध्यांवर. नवीन पोर्ट बसवून घेतला, हे काम हॉट एअर स्टेशन आणि सवयीचा हात असेल तरच करावं, मी स्वतः केलं नाही, मोबाइल दुरुस्तीतल्या माणसाकडून करवून घेतलं. आता केबल टेबलाच्या कडेला क्लिपने अडकवून ठेवलीय, ओढ बसली तर क्लिपला बसते.

तिसरं म्हणजे गेन नॉबची खरखर. फिरवताना खर्र आणि सोडला की शांत, ही पोटेंशिओमीटरची (नॉबखालच्या फिरत्या रेझिस्टरची, थोडक्यात पॉटची) घाण किंवा ऑक्सिडेशन. डबा बंद करून नॉब टोकापासून टोकापर्यंत बऱ्याच वेळा फिरवा, बहुतेकदा तेवढ्यात सुधारतं. नाहीतर इलेक्ट्रॉनिक्सचा कॉन्टॅक्ट क्लीनर, घरातलं बिजागरीचं तेल नको. साफ केल्यावर थोड्याच दिवसांत परत आली तर मात्र पॉटवर डीसी येतोय म्हणजे परत एखादा कपॅसिटरच. मॉनिटर नॉब अगदी खाली असताना डावा स्पीकर उजव्यापेक्षा मोठा वाटतो, हा दोष नाही, दोन पॉट एका दांड्यावर असले की टोकाला थोडाफार फरक राहतोच. हेडफोन जॅकची एक बाजू जाते तेव्हा बहुतेक वेळा जॅकचीच पकड सैल झालेली असते किंवा सांधा सुटलेला असतो.

आता ज्यात डब्याचा दोष नव्हता ते पण लिहिलं पाहिजे, नाहीतर रिव्ह्यू अन्यायाचा होईल. हेडफोनमध्ये किंवा स्पीकरमध्ये बारीक शिट्टी, साधारण १ किलोहर्ट्झ आणि त्याच्या पटीत, किंवा ८ किलोहर्ट्झला, ती यूएसबीची आहे. यूएसबीवर डेटा दर १ मिलिसेकंदाला, हाय-स्पीडमध्ये दर १२५ मायक्रोसेकंदाला, फ्रेममध्ये जातो आणि त्याच ठेक्यावर वीज ओढली जाते, तोच ठेका ग्राउंडमधून ऐकू येतो. लॅपटॉपचा चार्जर काढला आणि शिट्टी किंवा घुंई गेली तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे उपकरणांची ग्राउंड दोन वाटांनी जोडली जाऊन त्यात करंट फिरतोय. घुंई वीजपुरवठ्याच्या फ्रिक्वेन्सीची असते, जिथे ५० हर्ट्झ तिथे ५० आणि तिच्या पटीत, जिथे ६० तिथे ६०. उपाय म्हणजे स्पीकरला बॅलन्स्ड केबल, सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डाला, नाहीच गेलं तर आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर. प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, घुंई जाते पण दोष आला तर माणूस जाऊ शकतो.

हिस्स येतो म्हणून इंटरफेस खराब, हे तर रोज वाचायला मिळतं, आणि खाली कमेंटमध्ये माइक कुठला विचारलं की शुअर एसएम७बी. त्या माइकचं आउटपुटच -५९ डीबीव्ही प्रति पास्कल, म्हणजे फार कमी, आहे, त्याला ६० डीबीच्या आसपास गेन लागतो. फोकसराइट स्कार्लेट टू-आय-टू २०१९ साली आलेल्या तिसऱ्या पिढीत ५६ डीबी गेन देत होता, २०२३ च्या चौथ्या पिढीत ६९ दिला, म्हणजे बनवणाऱ्यांनाही ही गरज कळलीय. गेन पुरत नसेल तर माणूस रेकॉर्डिंग नंतर वाढवतो आणि हिस्सही वाढतो, यात डब्याचं काही बिघडलेलं नसतं, जोडीच चुकलेली असते. तसंच टिकटिक, तुटणारा आवाज येत असेल तर बफर (कम्प्युटर एका वेळी साठवून घेतो तेवढे सॅम्पल) ६४ वरून २५६ करून बघा, ४८ किलोहर्ट्झला त्याचा उशीर १.३ वरून ५.३ मिलिसेकंद होतं, आणि आवाज साफ झाला तर दोष कम्प्युटरच्या बाजूला आहे. विंडोजवाल्यांनी लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर चालवून कुठला ड्रायव्हर अडकतोय ते बघावं. रेकॉर्डिंग वाजवल्यावर साधारण दीड सेमिटोन (अर्धा स्वर म्हणजे एक सेमिटोन) खाली आणि सावकाश वाटलं, तर ४८ किलोहर्ट्झला रेकॉर्ड केलेलं ४४.१ ला वाजतंय, सेटिंग बदला, बाकी काही नको.

सगळ्यात भरवशाची चाचणी लूपबॅक. आउटपुट एकमधून टीआरएस केबल थेट इनपुट एकच्या लाइनमध्ये, १ किलोहर्ट्झचा टोन पाठवायचा आणि आरईडब्ल्यू नावाच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये स्पेक्ट्रम बघायचा. हीच केबल मग चॅनेल दोनला. दोन्ही आलेख एकावर एक ठेवले की वेगळा पडणारा चॅनेल लगेच दिसतो. नवीन डबा आला की त्याच दिवशी हे करून फाइल जपून ठेवा, पुढे शंका आली की तुलना करायला स्वतःचाच पुरावा असतो आणि वॉरंटीत भांडताना तो फार कामाला येतो.

सर्व्हिसबद्दल. कंपनीचं उत्तर वेळेत आलं, बोलणं नीट होतं, पण सुट्ट्या भागांची दुरुस्ती करत नाही, पूर्ण बोर्ड बदलू एवढंच, आणि वॉरंटीबाहेर त्याचा खर्च म्हणजे जवळपास नवीनच घेतल्यासारखा. सर्किट डायग्राम मागितला, देत नाहीत म्हणाले. चार छोट्या कपॅसिटरसाठी सगळं बोर्ड फेकायचं हे मला मनापासून चुकीचं वाटतं, आणि ही एका कंपनीची गोष्ट नाही, या वर्गात जवळपास सगळीकडे हेच. त्यात बोर्डही मॉडेलच्या आयुष्यभर तोच राहील असं नसतं. २० ऑक्टोबर २०२० ला जपानमधल्या नोबेओका इथल्या आसाही कासेईच्या चिप कारखान्याला आग लागली, तिथून कन्व्हर्टर चिपा (आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या) घेणाऱ्या कित्येक ऑडिओ कंपन्यांना मग दुसरी चिप घालून डिझाइन बदलावं लागलं. डायग्राम हातात नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याने अंदाज तरी किती बांधायचा?

उघडायला डबा सोपा आहे हे मात्र कौतुकाने लिहिते. नॉब ओढून निघतात, साधे स्क्रू, गोंद नाही, कॉम्बो जॅकना पुढच्या पॅनेलला स्क्रूने आधार आहे त्यामुळे ते आजही घट्ट आहेत. जो विचार जॅकचा केला तोच यूएसबी पोर्टचा केला असता तर बांधणीला मी पूर्ण पाच स्टार दिले असते.

आवाजाला साडेचार, जॅक आणि नॉबला चार, पॉवरला अडीच, यूएसबी पोर्टला दोन, सर्व्हिसला दोन. एकाच टेबलावर ठेवून एक-दोन माइकचं काम करायचं असेल आणि सोल्डरिंग येणारं कुणी ओळखीचं असेल तर असा डबा बिनधास्त घ्या. रोज बॅगेत घालून नेणार असाल तर चौकोनी पोर्टवाला किंवा पोर्टला पॅनेलचा आधार असलेला शोधा. आणि जुना घेत असाल तर हेडफोन आणि मल्टिमीटर घेऊन जा, दोन्ही चॅनेलचे ४८ व्होल्ट मोजा, फँटम चालू ठेवून चांगली दहा मिनिटं ऐका कारण चुरचुर गरम झाल्यावरच सुरू होते, नॉब फिरवा, आणि रेकॉर्डिंग चालू असताना यूएसबीची केबल हळूच चारही बाजूंना हलवून बघा.